मे महिन्यातला कंट्रोल: स्नायूपेशींच्या एका कायनेज प्रयोगाचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूरमधल्या एका जीवशास्त्र प्रयोगशाळेत घडलेलं हे प्रकरण. संस्थेचं, मार्गदर्शक मॅडमचं आणि पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनीचं नाव देत नाही. ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. मी तिच्या संशोधन सल्लागार समितीवर होतो. दर सहा महिन्यांनी तिचं काम समोर यायचं, आणि मधल्या काळातली धावपळही कानावर पडायची. पेशींवर कायनेज इनहिबिटर (कायनेज या प्रकारच्या एन्झाइमला अडवणारं औषध) टाकून निष्कर्ष काढणाऱ्या, त्यातही विदर्भाच्या उन्हाळ्यात हे करणाऱ्या मुलामुलींच्या उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो.

तिचा प्रश्न मुळात चांगला होता. एका केंद्रकाच्या सुट्या मायोब्लास्ट पेशी, म्हणजे स्नायूच्या पूर्वपेशी, एकमेकींत विलीन होतात आणि अनेक केंद्रकांची लांबलचक मायोट्यूब तयार होते. या प्रवासात पेशीकंकाल, म्हणजे पेशीच्या आतला प्रथिनांच्या तंतूंचा सांगाडा, जवळजवळ मुळापासून बदलतो. सुरुवातीला मायोब्लास्टमध्ये अ‍ॅक्टिन या प्रथिनाच्या तंतूंचे जाड जुडगे असतात, त्यांना स्ट्रेस फायबर म्हणतात, आणि त्यांना ओढून धरणारा मायोसिन हा स्नायूचा नसून सर्वसाधारण पेशींतला असतो. पुढे त्या जागी स्नायूचा मायोसिन येतो, अल्फा-अ‍ॅक्टिनिन या जोडप्रथिनाचे ठिपके रांगेत लागतात आणि साधारण दोन मायक्रॉन अंतराने पट्टे दिसू लागतात. सांगाड्यातल्या पोकळ नळ्या, म्हणजे मायक्रोट्यूब्यूल, आधी केंद्रकाजवळच्या सेंट्रोसोम या बिंदूपासून निघत असतात. मायोट्यूबमध्ये त्यांचा उगम केंद्रकाच्या आवरणाकडे सरकतो आणि ते पेशीच्या लांबीला समांतर होतात. ही सगळी मांडामांड कोणतं कायनेज करतं, आणि नेमकं कधी करतं, हे तिला शोधायचं होतं.

कायनेज म्हणजे एटीपी या ऊर्जावाहक रेणूवरचा फॉस्फेट उचलून दुसऱ्या प्रथिनावर बसवणारं एन्झाइम. मानवी जीनोममधल्या कायनेजची मोजदाद २००२ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा आकडा ५१८ निघाला. तिने त्यातलं रॉक हे कायनेज निवडलं. ऱ्हो नावाचं छोटं प्रथिन चालू झालं की रॉक जागं होतं आणि दोन वाटांनी अ‍ॅक्टिनवर काम करतं. पहिली वाट मायोसिनची. रॉक मायोसिनच्या हलक्या साखळीवर १९व्या जागेच्या सेरीन या अमिनो आम्लाला फॉस्फेट लावतं, शिवाय तो फॉस्फेट काढणाऱ्या फॉस्फटेजला मिप्ट-१ या त्याच्या घटकामार्फत बंद पाडतं. परिणाम एकच, मायोसिन जोरात ओढतो. दुसरी वाट लिम कायनेजची. रॉक लिम कायनेजला चालू करतं, लिम कायनेज कोफिलिनच्या तिसऱ्या सेरीनवर फॉस्फेट ठेवतं, आणि कोफिलिन निकामी होतं. कोफिलिन ही अ‍ॅक्टिन तंतूंची कातर आहे. ती बोथट झाली की तंतू टिकतात.

या दोन वाटा वाचकाने लक्षात ठेवाव्यात. प्रकरणाचा उलगडा त्यांच्या फरकातूनच झाला.

प्रयोगासाठी सी२सी१२ पेशी होत्या. १९७७ मध्ये याफे आणि सॅक्सेल यांनी उंदराच्या मांडीच्या स्नायूतून जो वंश काढला त्याचाच हा पुढे निवडलेला उपवंश. वाढवताना भरपूर गर्भवासराचं सिरम (रक्तातला पोषक द्रव) द्यायचं, आणि पेशी दाटल्या की २ टक्के घोड्याच्या सिरमवर आणायच्या. खाणं तुटलं की त्या विभाजन थांबवून स्नायू व्हायला लागतात. पहिल्या एक-दोन दिवसांत मायोजेनिन हे स्नायू होऊ लागल्याची खूण असलेलं प्रथिन दिसतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्नायूचा मायोसिन आणि ठळक मायोट्यूब. रॉक थांबवायला वाय-२७६३२ हा इनहिबिटर, १० मायक्रोमोलर. १९९७ पासून वापरात असलेलं, सगळीकडे चालणारं औषध.

हिवाळ्यातले निष्कर्ष

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात तिने केलेले प्रयोग देखणे होते. घोड्याचं सिरम दिल्यापासून पहिल्या २४ तासांत इनहिबिटर टाकला तर स्ट्रेस फायबर विरघळल्यासारखे जायचे, पेशी बारीक शेपट्या काढून लांब व्हायच्या आणि विलीनीकरण कंट्रोलपेक्षा, म्हणजे औषध न दिलेल्या पेशींपेक्षा, जास्त व्हायचं. तोच इनहिबिटर तिसऱ्या दिवसानंतर टाकला की मायोट्यूब असायच्या, पण बारीक, आणि पट्टे विस्कटलेले. अर्थ सरळ दिसत होता: सुरुवातीला रॉक पेशीला जुन्या मांडणीत अडकवून ठेवतं, आणि नंतर तेच रॉक नव्या मांडणीला लागतं.

मला यात आवडलेली गोष्ट ही की तिने वेळेच्या खिडक्या वेगळ्या ठेवल्या होत्या. बहुतेक जण पहिल्या दिवशी औषध टाकतात, पाचव्या दिवशी फोटो काढतात आणि मधल्या चार दिवसांची सरमिसळ एका वाक्यात बसवतात.

अडचण

हे निष्कर्ष मांडणाऱ्या निबंधावर नियतकालिकाकडून परीक्षकांचे शेरे आले. त्यांना आणखी एक स्वतंत्र पुनरावृत्ती हवी होती, नव्या पेशींवर. शेरे एप्रिलच्या शेवटी आले, पेशी वाढवून प्रयोग लागला तो मे महिन्यात.

आणि निकाल जुळेना. पहिल्या २४ तासांच्या खिडकीत इनहिबिटर टाकूनही बऱ्याच पेशींत अ‍ॅक्टिनचे जाड जुडगे शिल्लक. विलीनीकरणातला फरक जवळजवळ पुसला गेलेला. तिने पुन्हा केलं, पुन्हा तेच, फक्त कधी कमी कधी जास्त. फेलोशिपची मुदत संपत आलेली, शेऱ्यांना उत्तर देण्याची तारीख ठरलेली.

समितीची बैठक नेमकी त्याच सुमारास होती. तिने हिवाळ्यातल्या आणि मेमधल्या इनहिबिटर दिलेल्या पेशींचे फोटो शेजारी-शेजारी लावले होते. मी म्हटलं, कंट्रोल दाखवा, दोन्ही वेळचे, एकाच पडद्यावर. ते तिने तसे कधी लावून पाहिलेच नव्हते, कारण प्रत्येक प्रयोगात तुलना त्याच प्रयोगातल्या कंट्रोलशी होत होती. शेजारी लावल्यावर मॅडम म्हणाल्या, "अगं, हे कंट्रोलच वेगळं आहे." औषध न दिलेल्या मेमधल्या पेशींत अ‍ॅक्टिनचे जुडगे हिवाळ्यापेक्षा स्पष्ट जाड होते आणि मायोट्यूब आखूड, बुटक्या.

म्हणजे प्रश्न बदलला. औषध का चालत नाही, हे शोधायचं नव्हतं. पेशी औषधाआधीच वेगळ्या अवस्थेत का आहेत, हे शोधायचं होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय कोणी मोठ्याने बोललं नाही, पण खोलीत होता: मेमधला संच "पेशी बिघडल्या" म्हणून बाजूला ठेवायचा, पावसाळ्यात पुन्हा करायचं आणि जुळलं की तेच पाठवायचं. मॅडमनी तो लगेच खोडला. पेशी बिघडल्याचा काही पुरावा असता तर गोष्ट वेगळी. नको तो निकाल आला एवढंच कारण पुरत नाही.

दुसरा पर्याय विद्यार्थिनीने स्वतः सुचवला, मात्रा वाढवून ३० मायक्रोमोलर करायची. सगळ्यात मोहाचा आणि माझ्या मते सगळ्यात घातक पर्याय हाच. वाय-२७६३२ एटीपीच्या जागेत बसतो, आणि ती जागा सगळ्या कायनेजमध्ये थोडीफार सारखी असते. मात्रा वाढली की तो पीआरके२सारख्या इतर कायनेजनाही धरायला लागतो. जुडगे नाहीसे झाले असते, आकृती सुंदर आली असती, आणि ती आकृती कशाची आहे हे कोणालाच सांगता आलं नसतं. हिवाळ्यात १० आणि उन्हाळ्यात ३०, असं पद्धतीच्या प्रकरणात लिहायची वेळ आली असती ते वेगळंच.

तिसरा पर्याय औषध सोडून रॉकचा जीन शांत करण्याचा. तत्त्वतः चांगला. पण रॉक एक नाही, रॉक-१ आणि रॉक-२ असे दोन आहेत, दोन्ही दाबावे लागतात. शिवाय प्रथिन खाली यायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणजे २४ तासांची खिडकी, जी या कामाचा कणा होती, तीच हातातून जाते.

चौथा पर्याय कंटाळवाणा: जे जे बदललं असेल ते एकेक करून तपासायचं. पॅसेज (पेशी किती वेळा नव्या प्लेटमध्ये पुढे नेल्या ते), सिरम, औषध, पेशींची दाटी. आम्ही हाच स्वीकारला, आणि त्याला एक जोड दिली. नुसते फोटो न काढता कंट्रोलचीच फॉस्फोरिलेशनची अवस्था, म्हणजे कोणत्या प्रथिनावर किती फॉस्फेट आहे ते, ब्लॉटवर (अँटीबॉडीने प्रथिनांच्या पट्ट्या उठवणाऱ्या चाचणीत) पाहायची.

काय केलं

पॅसेजचा संशय आधी फेडला. सी२सी१२ जास्त वेळा पुढे नेल्या किंवा वाढवताना एकदाही पूर्ण दाटू दिल्या तर विलीन होण्याची ताकद गमावतात, हे सगळ्यांना माहीत असतं. द्रवरूप नायट्रोजनमधून सुरुवातीच्या पॅसेजची कुपी काढली. निकाल तसाच.

सिरमवर संशय घ्यायला मात्र खरोखर जागा होती. बाटल्यांचा लॉट नंबर मधल्या काळात बदललेला होता, आणि सिरममधलं लायसोफॉस्फॅटिडिक आम्ल ऱ्होला चालू करतं, म्हणजे थेट रॉकला चिथावतं. नव्या लॉटमध्ये ते जास्त असेल तर जाड स्ट्रेस फायबर दिसणं अगदी स्वाभाविक. सुदैवाने जुन्या लॉटच्या दोन बाटल्या गोठवून ठेवलेल्या होत्या. त्यांवर केलं, तरी जुडगे तसेच. या तपासात बरेच दिवस गेले आणि विद्यार्थिनीचा धीर सुटत चालला होता. "सर, मी फक्त काय नाही तेच सिद्ध करतेय," असं ती मला एकदा म्हणाली. ते खरं होतं, आणि तरी वाया नव्हतं.

मग ब्लॉट. फॉस्फोच्या ब्लॉटला घाई आणि थंडी दोन्ही लागतात. प्लेट इनक्युबेटरमधून काढून टेबलावर ठेवली, फोन आला, पाच मिनिटं गेली, की फॉस्फेट गेला. तिने प्लेट थेट बर्फावर घेतल्या, फॉस्फटेज इनहिबिटर घातलेला बफर आधीच थंड करून ठेवला. ब्लॉटच्या पडद्यावरच्या मोकळ्या जागा झाकायला दुधाच्या भुकटीऐवजी अल्ब्युमिन वापरलं, कारण दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेटने भरलेलं असतं आणि पार्श्वभूमी काळी करतं. प्रत्येक फॉस्फो पट्टीशेजारी त्याच प्रथिनाची एकूण पट्टीही घेतली.

यात जे दिसलं त्याने दिशा दिली. इनहिबिटर दिल्यावर मायोसिनच्या हलक्या साखळीवरचा फॉस्फेट हिवाळ्यासारखाच पडला. म्हणजे औषध ठीक, रॉक खरोखर बंद. पण कोफिलिनवरचा फॉस्फेट मेमधल्या पेशींत म्हणावा तसा उतरला नाही. एका वाटेवर रॉकचं राज्य संपलेलं आणि दुसरीवर कोणीतरी दुसराच बसलेला. लिम कायनेजला रॉकशिवाय इतरही चालू करतात: पॅक नावाचं कायनेज, आणि ताणाच्या प्रसंगी पी३८ या कायनेजच्या खाली काम करणारं एमके२.

पॅकच्या पट्टीत फरक नव्हता. पी३८ची पट्टी दोन्हीकडे ठळक आली, आणि इथे आम्ही जवळजवळ चकलो असतो, कारण स्नायू होऊ लागलेल्या पेशीत पी३८ चालू असतंच. स्नायूचे जीन चालू करणाऱ्या मायोडी या प्रथिनाच्या कामाला ते लागतं. ते अडवलं तर मायोब्लास्ट मायोट्यूब होतच नाही. त्यामुळे "पी३८ आहे, असणारच" असं म्हणून पुढे जाणं सोपं होतं. मॅडमनी आग्रह धरला की त्याच्या खालचं बघा. दुसऱ्या एका प्रकल्पातली एचएसपी२५ या प्रथिनाच्या फॉस्फो रूपाची अँटीबॉडी फ्रीजमध्ये होती. ती लावली आणि मेमधल्या कंट्रोलची पट्टी काळीकुट्ट उठली. हिवाळ्यातले लायसेट, म्हणजे फोडलेल्या पेशींचे नमुने, उणे ८० अंशांवर जपलेले होते. त्यांत ती पट्टी जेमतेम दिसत होती.

एचएसपी२५ हे उंदरातलं नाव. माणसात त्याला एचएसपी२७ म्हणतात. फॉस्फेट नसताना ते अ‍ॅक्टिनच्या तंतूची वाढ रोखतं. एमके२ने फॉस्फेट लावला की ती रोख सुटते आणि तंतू तग धरतात. पेशी संकटात असताना तिचा सांगाडा कोसळू नये यासाठीची ही सोय आहे, आणि त्या संकटांच्या यादीत पहिलं नाव उष्णतेचं.

उष्णतेचं नाव निघाल्यावर सगळ्यांनी इनक्युबेटरकडे पाहिलं. आकडा ३७. सकाळी ३७, संध्याकाळी ३७, नोंदवहीत सगळीकडे ३७.

प्रयोगशाळेतले परिचर भाऊ दाराशी उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, दुपारी लाइट गेली का एसी बंद पडते. जनरेटरवर एसी नाही ना. मशीन मग बोंबलत राह्यते, मी येऊन बटन दाबून देतो."

अलार्मचा अर्थ त्यांना कोणी सांगितला नव्हता. आवाज बंद करायचं बटण मात्र दाखवलं होतं.

पुढचं चित्र जुळायला वेळ लागला नाही. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांपर्यंत जाणं नवं नाही, त्यामुळे प्रयोगशाळेने वेळ बदलून सकाळ-संध्याकाळ केली होती. दुपारी एक ते पाच कोणी नसायचं. लाइट गेली की जनरेटर इनक्युबेटरला आणि उणे ऐंशीच्या डीप फ्रीजरला वीज द्यायचा, एसीला नाही. त्यात डीप फ्रीजर त्याच खोलीत, मागून गरम हवा फेकणारा. आणि साध्या सीओ२ इनक्युबेटरला फक्त तापवता येतं, थंड करता येत नाही. बाहेरची खोली ठरवलेल्या तापमानापेक्षा काही अंशांनी थंड असेल हे त्यात गृहीत धरलेलं असतं. खोलीच ३७च्या वर गेली तर यंत्र हीटर बंद करून नुसतं बघत बसतं. दिवसातून दोनदा घेतलेल्या नोंदीत यातलं काहीच दिसत नाही.

किमान-कमाल लक्षात ठेवणारा एक साधा डिजिटल थर्मामीटर पाणी भरलेल्या फ्लास्कमध्ये बुडवून आत ठेवला. पहिल्याच खंडित दुपारनंतर कमाल आकडा ४०च्या पलीकडे होता. लाइट न गेलेल्या दिवशी ३७वर स्थिर. मेमधले प्रयोग कधी कमी कधी जास्त बिघडलेले का होते, याचंही उत्तर त्यात आलं.

यावर आपल्याकडे पहिला सल्ला येतो तो कूलर लावण्याचा, आणि इथेही आला. तो नाकारला, कारण पेशी वाढवण्याच्या खोलीत वाळ्याच्या ताट्यांतून येणारी दमट, धुळीची हवा म्हणजे बुरशीला आमंत्रण. जनरेटरवर एसी घेण्याचं पत्र विद्युत विभागाकडे गेलं. ते होईपर्यंत डीप फ्रीजर व्हरांड्याला लागून असलेल्या दुसऱ्या खोलीत हलवला आणि महत्त्वाचे प्रयोग शेजारच्या विभागाच्या तळमजल्यावरच्या इनक्युबेटरमध्ये लावले.

इथे एक निर्णय आला ज्यावर समितीत मतभेद होते. कारण सापडलं, आता ३७वर पुनरावृत्ती करून विषय मिटवायचा, की उष्णतेलाच प्रयोगात घ्यायचं? मुदत बघता पहिलं शहाणपणाचं होतं. विद्यार्थिनीला दुसरं करायचं होतं. तिचं म्हणणं असं: रॉक बंद असताना अ‍ॅक्टिन टिकू शकतं हे आपण पाहिलंच आहे, आता ते कोणामुळे टिकतं हे न सांगता रॉकवर निबंध लिहिला तर तो अर्धवट राहील. मॅडमनी तिला दोन्ही करू दिलं, पण क्रम ठरवून दिला. आधी ३७ची पुनरावृत्ती, मग उष्णता.

उष्णतेच्या प्रयोगासाठी दोन इनक्युबेटर, एक ३७ आणि एक ४१ अंशांवर, आणि पहिल्या दिवसातले काही तासच ४१ची झळ. पी३८ अडवायला हाताशी एसबी२०३५८० होतं. ते तिने वापरलं नाही, आणि हा निर्णय मला सगळ्यात नेमका वाटतो. पी३८ अडवलं तर स्नायू होण्याची प्रक्रियाच अडते, मग जुडगे कमी दिसले तरी ते पेशीकंकालामुळे की पेशी मायोब्लास्टच राहिल्यामुळे, हे कळणार नाही. शिवाय ते औषध केसीन कायनेज-१लाही धरतं. म्हणून तिने एक पायरी खाली उतरून एमके२चा इनहिबिटर घेतला, म्हणजे पी३८चं केंद्रकातलं काम चालू राहील. एमके२चा जीन दाबण्याचा विचार झाला होता, पण एमके२ नसेल तर पेशीतलं पी३८ही कमी होतं, हे उंदरांतल्या कामावरून माहीत असल्याने तो सोडला.

निष्पत्ती

३७वर स्थिर ठेवलेल्या पुनरावृत्तीत हिवाळ्यातला निकाल परत आला, दोन्ही खिडक्यांमध्ये. मोजणी करणाऱ्याला कोणती प्लेट कशाची हे या वेळी सांगितलेलं नव्हतं. स्नायूचा मायोसिन असलेल्या पेशींतली केंद्रकं भागिले एकूण केंद्रकं, असा विलीनीकरणाचा हिशेब दुसऱ्या विद्यार्थ्याने केला.

४१ची झळ दिलेल्या पेशींत वाय-२७६३२ एकट्याने जुडगे विरघळवू शकलं नाही. सोबत एमके२चा इनहिबिटर दिला तेव्हा बरेचसे विरघळले आणि कोफिलिनवरचा फॉस्फेटही उतरला. एमके२चा इनहिबिटर एकटा दिला तर फारसं काही घडलं नाही. म्हणजे त्या अवस्थेत अ‍ॅक्टिनला दोघे धरून होते.

निबंधाचं विधान बदललं. आधी होतं: सुरुवातीच्या टप्प्यात रॉक अ‍ॅक्टिनची जुनी मांडणी टिकवून ठेवतं. आता झालं: ताण नसलेल्या मायोब्लास्टमध्ये ती रॉक टिकवतं, पी३८-एमके२ची वाट तापलेली असेल तर रॉक काढून घेतलं तरी ती टिकते. मेमधला संच फेकला नाही, तापमानाच्या नोंदीसह पुरवणीत गेला. शेऱ्यांना उत्तर द्यायची मुदत वाढवून मागावी लागली, ती मिळाली. फेलोशिप मात्र संपली आणि शेवटचे काही महिने तिने घरून पैसे घेऊन काढले. एसी जनरेटरवर यायला पुढचा उन्हाळा उजाडला.

तिसऱ्या दिवसानंतर इनहिबिटर दिल्यावर पट्टे विस्कटतात, त्याचा उलगडा झालेला नाही. तिथे रॉकची कोणती वाट लागते, मायोसिनची की कोफिलिनची, हे वेगळं करता आलं नाही. ब्लेबिस्टॅटिन या औषधाने मायोसिन थेट थांबवून पाहण्याचा विचार होता, पण ते स्नायूच्या मायोसिनलाही थांबवतं, आणि निळ्या प्रकाशात बिघडून पेशींना अपाय करतं, म्हणजे हिरव्या फ्लुओरोसन्सच्या जिवंत चित्रणात निरुपयोगी. प्रबंधात तिने एवढंच लिहिलं की परिणाम दिसतो, कारण सांगता येत नाही. बाहेरच्या परीक्षकाने त्यावरच सर्वांत जास्त प्रश्न विचारले.

वेगळं काय करता आलं असतं

थर्मामीटरचं तर उघड आहे. कमाल तापमान लक्षात ठेवणारं उपकरण इनक्युबेटरच्या किमतीच्या मानाने फुकट म्हणावं इतकं स्वस्त असतं. नोंदवहीत "३७" असा रकाना होता तिथे "काल दुपारपासून कमाल" असा रकाना हवा होता. अलार्म बंद करणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ सांगणं हे प्रयोगशाळाप्रमुखाचं काम आहे. परिचरांनी विचारायला हवं होतं, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा कंट्रोलचा आहे. प्रत्येक प्रयोग त्याच्याच कंट्रोलने भागून टक्केवारी मांडायची सवय आपल्याला लागली आहे. त्यात कंट्रोल सरकला तरी आकृतीत तो शंभरच राहतो. कायनेजच्या कामात हे फार महाग पडतं, कारण इनहिबिटर एक हात काढून घेतो, पण त्या क्षणी पेशीला आणखी किती हातांनी धरलेलं आहे हे सांगत नाही. फॉस्फो मायोसिन, फॉस्फो कोफिलिन आणि एखादा ताणाचा दर्शक, एवढ्या तीन पट्ट्या हिवाळ्यातच प्रत्येक कंट्रोलच्या काढल्या असत्या, तर मेमध्ये पहिल्याच ब्लॉटवर फरक दिसला असता. समितीनेही कंट्रोलचे कच्चे फोटो पहिल्याच बैठकीपासून मागायला हवेत. आता आमच्या विभागात तसं केलं जातं.

तपासाचा क्रमही उलटा लावता आला असता. पॅसेज आणि सिरम हे नेहमीचे संशयित म्हणून आधी धरले, आणि त्यातच वेळ गेला. ब्लॉट आधी केला असता तर रॉक बंद आहे आणि लिम कायनेजची वाट चालू आहे एवढं कळलं असतं. सिरममुळे ऱ्हो चिथावलं असतं तर औषधाने दोन्ही वाटा सारख्याच पडायला हव्या होत्या. त्या सारख्या पडल्या नाहीत एवढ्यावर सिरम बाद झालं असतं.

एका बाबतीत मॅडमचं आणि माझं अजून जमलेलं नाही. एका इनहिबिटरवर दुसरा इनहिबिटर टाकून काढलेला निष्कर्ष मला पुरेसा वाटत नाही. दोन औषधं एकत्र दिली की प्रत्येकाचे आडपरिणामही एकत्र येतात. माझं म्हणणं, एचएसपी२५च्या ज्या सेरीनवर फॉस्फेट बसतो तिथे अ‍ॅलॅनिन हे दुसरं अमिनो आम्ल घालून बदललेलं प्रथिन पेशीत घालावं. मग फॉस्फेट बसूच शकत नाही, आणि उष्णतेत रॉक बंद केल्यावर जुडगे जातात का हे औषधाविना दिसेल. मॅडमना वाटतं की सी२सी१२मध्ये आधीचं एचएसपी२५ तसंच राहिल्याने निकाल धूसर येईल, आणि एमके२ लिम कायनेजमार्फत जे करतं ते या प्रयोगातून सुटेल. दुसरा आक्षेप मला मान्य आहे, पहिल्यावर तोडगा निघेल असं वाटतं. त्यांच्याकडे नव्याने आलेल्या मुलीने हे काम घेतलं आहे. क्लोनिंग डिसेंबरपर्यंत झालं तर दोन्ही तापमानांवरचे प्रयोग मार्चच्या आत आटोपतील, असा तिचा हिशेब आहे.